जिन्याखाली चालेल का?

तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेने नवी इमारत बांधली, किंवा एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्याचे वीस खाटांचे रुग्णालय झाले, की कधी ना कधी सर्व्हर कुठे ठेवायचा हा विषय निघतो. तोवर सगळ्या खोल्या वाटून झालेल्या असतात. उरते ती जिन्याखालची जागा. तिथे टेबल बसत नाही, कुणाची वर्दळ नाही, प्लायवूडचे दार बसवले की कुलूपही घालता येते. म्हणून लोक विचारतात, "जिन्याखाली चालेल का?"

उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे समजून घेता घेता लहान सर्व्हर रूम कशी आखावी हेही कळत जाते. एक गोष्ट आधीच सांगतो. हा प्रश्न विचारला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी सर्व्हरची ऑर्डर देऊन झालेली असते, म्हणजे क्रम उलटा झालेला असतो. आधी जागा, मग थंडावा आणि वीज, आणि सर्वांत शेवटी मशीन, असे ठरवत गेले तर खर्च कमी येतो आणि पुढच्या दहा वर्षांचा मनस्ताप वाचतो.

हिशेबासाठी एक पतसंस्था धरू. एक मुख्य कार्यालय, पाच शाखा. सामान असे: तीन सर्व्हर, फाइली साठवणारे एक यंत्र, दोन स्विच, एक फायरवॉल, इंटरनेटचा मोडेम आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवणारा, चोवीस तास चालू राहणारा संगणक. स्विच म्हणजे इमारतीतले संगणक एकमेकांना जोडणारी पेटी. बाहेरच्या इंटरनेटवरून आत काय येऊ द्यायचे आणि काय अडवायचे, हे फायरवॉल ठरवते.

१. मुळात खोली हवी का?

आज बऱ्याच पतसंस्थांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये चालते. तुमचेही तसेच असेल, तर तुमच्या इमारतीत फक्त स्विच, फायरवॉल आणि रेकॉर्डर उरतात. त्यासाठी हवेशीर खोलीतले भिंतीवरचे लहान कपाट आणि एक चांगला यूपीएस पुरतो. ज्यांना खोलीशिवाय भागवता येते त्यांनी जरूर भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण काहींना ते जमत नाही. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या जड फाइली रोज हाताळणारे रुग्णालय, दिवसातून चार वेळा इंटरनेट जाते असे गाव, यंत्रांना थेट जोडलेले सॉफ्टवेअर वापरणारा कारखाना, अशा ठिकाणी सर्व्हर जवळच लागतो. पुढचे सगळे त्यांच्यासाठी.

२. पहिला शत्रू पाणी

जागा निवडताना आधी पाण्याची वाट शोधायची. पाणी खालून येते, वरून येते आणि भिंतीतूनही येते.

खालून येणारे पाणी महाराष्ट्राने गेल्या वीसेक वर्षांत अनेकदा पाहिले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर कित्येक दिवस पाण्यात राहिले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजले बुडाले. नदीकाठच्या गावात काम असेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा आधी पाहाव्यात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषेच्या आत इमारत असेल तर तळमजल्याचा विचारच सोडून द्यावा. जिन्याखालची जागा तळमजल्यावर, आणि अनेकदा रस्त्याच्या पातळीलाच असते. हा तिचा पहिला दोष.

वरून येणारे पाणी म्हणजे गच्चीची गळती, वरच्या मजल्यावरचे स्वच्छतागृह, पाण्याची टाकी. म्हणून सर्वांत वरचा मजलाही टाळायचा. शिवाय त्याचा स्लॅब एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडत राहतो. दोन-तीन मजली इमारतीत पहिला मजला, तोही पश्चिमेच्या उन्हाची भिंत सोडून, बहुधा सर्वांत बरा. भिंतीला लागून बाथरूम किंवा चहाचा ओटा नको. खोलीतून पाण्याचा पाइप जाता कामा नये. एसीच्या ड्रेन पाइपकडेही लक्ष द्या. एसी कधीही सर्व्हरच्या डोक्यावर बसवायचा नाही, कारण पाइप तुंबला की पाणी थेट मशीनवर ठिबकते. तो बाजूच्या भिंतीवर घ्यावा आणि ड्रेनला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा.

खिडकी असेल तर ती कायमची बंद करून फटी भरून घ्याव्यात. कोकणात आणि गोव्यात पावसाळी हवेतला दमटपणा मशीनच्या धातूला गंज आणतो, आणि समुद्राजवळ तर हवेत मीठही असते. विदर्भात अडचण वेगळी. तिथे उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचे कूलर लागतात, आणि त्यातलाच एक सर्व्हरसाठी लावावा असे कुणी तरी सुचवतो. ते कधीही करू नका. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळून.

३. खोली किती मोठी?

सर्व्हर टेबलावर नव्हे, रॅकमध्ये बसवतात. रॅक म्हणजे उभा लोखंडी सांगाडा. त्यात बसणाऱ्या यंत्रांची रुंदी जगभर एकच, १९ इंच. उंची 'यू' या मापात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. यंत्राच्या माहितीपत्रकात '२ यू' असे लिहिले असेल तर ते साडेतीन इंच उंचीची जागा घेणार.

आपल्या पतसंस्थेची बेरीज करू. तीन सर्व्हर प्रत्येकी २ यू, म्हणजे ६. साठवणीचे यंत्र २, स्विच २, भिंतीतून आलेल्या केबल जिथे संपतात ते पॅच पॅनल २, फायरवॉल १, रेकॉर्डर २, यूपीएस ३, केबल ओवायच्या पट्ट्या २. एकूण २० यू. वाढीसाठी निम्मी जागा धरली की ३० होतात. बाजारात ४२ यूचा, साधारण दोन मीटर उंचीचा रॅक सहज मिळतो. तो घ्यावा. मात्र तो जिन्याच्या वळणावरून आणि दारातून आत जाईल का, हे ऑर्डरआधी टेप लावून मोजा.

रॅकची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतची लांबी, हे माप लोक विसरतात. सर्व्हर ७० ते ८० सेंटिमीटर लांब असतो, आणि त्याच्या मागे केबल वळायला जागा लागते. म्हणून रॅक १००० मिलिमीटर खोलीचा हवा. स्विचसाठी बनवलेला भिंतीवरचा उथळ रॅक स्वस्त दिसतो म्हणून घेतला, तर सर्व्हर त्यात मावतच नाही.

आता खोलीचे माप आपोआप निघते. रॅक एक मीटर. समोर सर्व्हर बाहेर ओढायला १.२ मीटर. मागे माणसाला वाकून काम करायला ०.८ मीटर. झाले तीन मीटर. रुंदीला रॅक, बॅटऱ्या आणि चालायची वाट धरून अडीच मीटर. म्हणजे दहा फूट बाय आठ फुटांची खोली. जिन्याखाली रॅकच्या मागे जाता येत नाही. ज्या यंत्राच्या मागे जाता येत नाही त्याची केबल बदलायची तर आख्खे यंत्र बंद करून बाहेर काढावे लागते.

४. आत आलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते

हा भाग सावकाश वाचा. लहान सर्व्हर रूम बहुधा इथेच फसतात.

पंखा हवा हलवतो, मोटार पाणी चढवते. संगणक मात्र घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत बदलतो. सर्व्हर ३५० वॉट घेत असेल तर तो ३५० वॉटचा हीटर आहे, असे समजायला हरकत नाही. आपली बेरीज अशी: तीन सर्व्हर १०५० वॉट, साठवणीचे यंत्र १५०, दोन स्विच १००, फायरवॉल आणि मोडेम ६०, रेकॉर्डर ४०. एकूण १४०० वॉट. कपड्यांची इस्त्री साधारण हजार वॉटची असते. बंद खोलीत दीड इस्त्री रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे हे आहे, आणि जिन्याखालच्या प्लायवूडच्या कपाटातही तेच होणार.

यात यूपीएसमध्ये वाया जाणारी दहा टक्के वीज, दिवा, आत काम करणारा माणूस आणि भिंतींतून येणारी उष्णता मिळवा. दोन हजार वॉट धरू.

एसीची क्षमता टनात सांगतात. एक टन म्हणजे साधारण ३५०० वॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. मग एक टन पुरेल ना? कागदावर पुरतो. पण घरगुती एसीची काही ताकद हवेतल्या वाफेचे पाणी करण्यात जाते आणि हवा थंड करायला साधारण सत्तर टक्के उरते. म्हणजे सुमारे २४५० वॉट. बाहेर पारा ४२ वर गेला की तीही घटते. उद्या चौथा सर्व्हर आला तर काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून दीड टनाचा घ्यावा, आणि तसे दोन घ्यावेत. दोन्ही एकदम चालवायचे नाहीत. टायमर लावून आलटून पालटून चालवायचे, म्हणजे दोघांनाही विश्रांती मिळते आणि एक बिघडला तर दुसरा खोली सांभाळतो. ऑफिसचा एसी रोज संध्याकाळी बंद होतो. इथे वर्षाचे ८७६० तास कोणता तरी एक चालूच राहणार आहे.

एसी निवडताना विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: वीज जाऊन परत आली की तो आपोआप सुरू होतो का? रविवारी दुपारी वीज जाते, दहा मिनिटांनी येते, सर्व्हर चालूच असतात, पण एसी रिमोटची वाट पाहत बंद राहतो. सोमवारी सकाळी खोली उघडेपर्यंत काय होत असेल, याचा अंदाज पुढच्या हिशेबावरून येईल. आपल्या खोलीत सुमारे २१ घनमीटर हवा आहे. नुसती ही हवा तापवायची तर १४०० वॉट तिचे तापमान मिनिटाला तीन अंशांनी वाढवतील. भिंती, फरशी आणि रॅकचे लोखंड बरीच उष्णता शोषून घेतात, म्हणून प्रत्यक्षातला वेग पुष्कळ कमी असतो. तरी दिशा तीच.

तापमान किती ठेवायचे? थंडीने कुडकुडायची गरज नाही. या क्षेत्रात जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲशरे या संस्थेच्या शिफारशीनुसार यंत्रात शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवी. एसी २३-२४ वर ठेवला तरी चालते, आणि विजेचे बिल आटोक्यात राहते. फक्त यंत्रात शिरणारी हवा मोजा, म्हणजे थर्मामीटर रॅकच्या पुढच्या बाजूला लावा. सर्व्हर समोरून थंड हवा ओढतो आणि मागून गरम सोडतो. मागची गरम हवा रॅकमधल्या रिकाम्या फटींतून पुन्हा पुढे आली तर एसी कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. त्या फटी झाकायच्या पत्र्याच्या पट्ट्या, ब्लँकिंग पॅनल, अगदी स्वस्त असतात. त्या लावाव्यात.

विजेचाही हिशेब करून टाकू. १४०० वॉट वर्षभर म्हणजे सुमारे १२,२६० युनिट. एसी धरून अठरा हजारांच्या आसपास. पहिल्या मुद्द्यातला प्रश्न, खोली हवी का, याचे उत्तर देताना हा आकडा समोर ठेवावा.

५. वीज आणि बॅटरी

यूपीएसवर व्हीए लिहिलेले असते, आणि आपण वॉट मोजलेले असतात. हे दोन आकडे सारखे नाहीत. ३ केव्हीएच्या यूपीएसचा पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर तो २७०० वॉट देऊ शकतो, ०.८ असेल तर २४०० च. आपली गरज १४०० ची, म्हणजे ३ केव्हीए निम्म्या भाराने चालेल. हे बरे. 'ऑनलाइन' प्रकारचाच घ्यावा. त्यात आलेली वीज आधी डीसी (एकदिश) होते आणि मग पुन्हा नवी एसी (प्रत्यावर्ती) वीज तयार होते, त्यामुळे गावाकडचे कमी-जास्त व्होल्टेज सर्व्हरपर्यंत पोचत नाही. घरगुती इन्व्हर्टर हे काम करत नाही.

बॅटरी किती? अर्धा तास हवा असे धरू. १४०० वॉट आणि आतली घट मिळून १५५६ वॉट, अर्ध्या तासाचे ७७८ वॉट-तास. बारा व्होल्टच्या, अठरा अँपिअर-तासांच्या आठ बॅटऱ्या कागदावर १७२८ वॉट-तास देतात. पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्या तासात रिकामी करायला घेतली तर ती साठ टक्क्यांच्या आसपासच देते, म्हणजे १०३७. दोन-तीन वर्षांनी ती आणखी पाचव्या हिश्शाने थकते, राहिले ८३०. गरज जेमतेम भागली. विक्रेता कागदावरचा आकडा दाखवतो. तुम्ही थकलेल्या बॅटरीचा आकडा मागा.

बॅटरीलाही उष्णता सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ती सर्व्हरच्याच थंड खोलीत, पण रॅकच्या बाहेर, जमिनीवरून थोडी उचलून ठेवावी.

एसी मात्र यूपीएसवर टाकायचा नाही. तो जनरेटरवर जातो. जनरेटर नसेल तर अर्धा तास फक्त सर्व्हर नीट बंद करण्यासाठी आहे, काम चालू ठेवण्यासाठी नाही. यूपीएसला केबलने सर्व्हरशी जोडले की बॅटरी संपत आल्याचा निरोप त्याला मिळतो आणि तो स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. ही सोय बहुतेक यूपीएसमध्ये असते, आणि बहुतेक ठिकाणी ती केबल खोक्यातच राहून जाते.

६. अर्थिंग

सर्व्हर रूमसाठी मीटरपासून वेगळी लाइन आणि वेगळे अर्थिंग घ्यावे. वॉटर कूलरची मोटार आणि झेरॉक्स मशीन त्याच लाइनवर नकोत. वायरमनकडून एक मोजमाप करून घ्या: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. पाच-दहा येत असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल कुठे तरी कच्चे आहे.

सह्याद्रीच्या कातळात किंवा कोकणातल्या जांभ्यात चांगले अर्थिंग मिळवायला कष्ट पडतात, कारण खडकातून वीज सहज जमिनीत जात नाही. अशा जागी एका खड्ड्यावर भागत नाही. दोन-तीन घेऊन ते एकमेकांना जोडावे लागतात, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. भारतीय मानक आयएस ३०४३ हे अर्थिंगबद्दलचेच आहे. कंत्राटात त्याचा उल्लेख करून घ्यावा. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा लक्षात घेऊन बोर्डावर सर्ज अरेस्टर बसवावा. आवारात दुसरी इमारत असेल तर तिथवर तांब्याची केबल न नेता फायबर न्यावी. फायबर काचेची असते, तिच्यातून विजेचा झटका येत नाही.

७. केबल

कॅट-६ केबल स्विचपासून संगणकापर्यंत शंभर मीटरपेक्षा लांब चालत नाही. त्यातले नव्वद मीटर भिंतीतले धरायचे. विजेच्या वायरींबरोबर एकाच पट्टीतून ओढायची नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही मिळते, तिला दुकानदार सीसीए म्हणतात. ती स्वस्त आणि हलकी असते. घेऊ नये. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावावा.

८. आग, उंदीर, कुलूप

आगीसाठी दाराबाहेर सीओटू किंवा क्लीन एजंटचे नळकांडे ठेवावे. इमारतीत सगळीकडे दिसणारे एबीसी पावडरचे नळकांडे इथे वापरले तर आग विझते, पण पावडर वाचलेल्या यंत्रांतही शिरते आणि त्यांना गंजवते. सीओटू लहान बंद खोलीत माणसाला गुदमरवतो. तो मारून लगेच बाहेर यायचे, हे सगळ्यांना शिकवून ठेवावे. आत रिकामी खोकी, जुनी रजिस्टरे, झाडू, काहीही ठेवू नये. सर्व्हर रूमची अडगळीची खोली व्हायला एक दिवाळीची साफसफाई पुरते.

उंदीर केबल कुरतडतात. जिथून केबल भिंतीत शिरते ते प्रत्येक भोक आतून-बाहेरून बुजवावे. खाण्याचे पदार्थ आत नेऊ नयेत. किल्ली दोघांकडेच असावी, आणि आत कोण कधी गेले याची वही दाराशी असावी.

९. खोलीच गेली तर

सर्व्हरमध्ये दोन डिस्क असतात, एक बिघडली तर दुसरी काम चालवते. याला रेड म्हणतात. ती बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदम पुसली जाते, आणि पूर आला तर दोन्ही एकदम भिजतात.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्यापैकी काहींची माहिती कायमची गेली. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे झाले, तर दहा बाय आठच्या खोलीने गाफील राहू नये. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रुजवलेला साधा नियम पाळावा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. पतसंस्थेला ते सोपे आहे, कारण शाखा आहेतच. नदीकाठचे मुख्य कार्यालय असेल तर प्रत डोंगरावरच्या शाखेत जावी. एक प्रत नेटवर्कपासून तोडूनही ठेवावी, म्हणजे खंडणीखोर व्हायरस तिला हात लावू शकत नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपायला, सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवायला आणि यंत्रांची घड्याळे सरकारी वेळेशी जुळवायला सांगितले आहे. नोंदींसाठी डिस्कमध्ये जागा धरताना हे लक्षात असू द्या.

१०. ताबा घेण्याआधी

कंत्राटदाराचे शेवटचे बिल देण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी चार गोष्टी स्वतः उभे राहून करून घ्याव्यात. मुख्य स्विच पाडून यूपीएस खरोखर किती मिनिटे टिकतो ते घड्याळ लावून पाहावे, आणि सर्व्हर आपोआप बंद होतो का तेही. वीज परत दिल्यावर एसी कुणी हात न लावता सुरू झाला पाहिजे. मग एक एसी बंद ठेवून दुपारी बारा ते चार दर अर्ध्या तासाला रॅकसमोरचे तापमान लिहावे. ते २७ च्या आत राहिले तर खोली तयार आहे. शेवटी बॅकअपमधून कालच्या तारखेची एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला सांगावी. आकडे, तारीख आणि सही असा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवावा, आणि दर सहा महिन्यांनी त्याखाली नवी ओळ लिहावी.